इंचाला एक वर्ष

प्रिय ठेंगू,

सहा फुटी माणसाला ठेंगू म्हणणं बरं दिसत नाही, आणि तुझ्याआधी हे पत्र तुरुंगातले साहेब वाचणार हेही मला ठाऊक आहे. (साहेब, वाचायचं तर वाचा, पण हसू नका.) काय करू, तुझं कागदोपत्री नाव लिहायला घेतलं की मला कोर्टाचा कागद आठवतो आणि पुढे सुचेनासं होतं. म्हणून ठेंगूच. पडद्यांचं काम बाजूला सारून शिलाईच्या मशीनवरच कागद ठेवलाय. पायाखाली पायटा आहे, तो सवयीने हलतो, म्हणून अक्षर असं नाचतंय. समजून घे.

पत्र लिहायला कारण आहे, पण ते मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. शनिवारच्या वीस मिनिटांत तू मला बाबांचं नाव काढू देत नाहीस. मी ‘बा’ म्हटलं रे म्हटलं की काचेपलीकडून तुझा हात वर होतो आणि मी मुकाट्याने शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली ते सांगायला लागते. ती मांजरही बिचारी किती वेळा बाळंत होणार? पत्रापुढे तुला हात वर करता येणार नाही. म्हणून आज मी बाबांबद्दलच लिहिणार आहे, बाबांबद्दल आणि लाकडाबद्दल.

तुला नेलं त्या दिवसापासून बाबांनी जवळजवळ सगळं सोडलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला माणूस, घरात स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नव्हता. दाराचं कुरकुरणं, नळाचं गळणं, शेजाऱ्याच्या कुंपणाचा बाक, कशावर तरी त्यांचा डोळा असायचाच. ते सगळं थांबलं. खुर्चीत बसायचे, पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. मी म्हणायचे, अहो, जरा फिरून या. ते म्हणायचे, हो. आणि बसून राहायचे. अशी जवळपास दोन वर्षं गेली. मग एका सोमवारी, आठ महिने झाले त्याला, ते सकाळीच बूट घालून दारात उभे. हातात मोजणीची जुनी टेप. म्हणाले, “चल, वखारीत जायचंय. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं.” मी विचारलं, कसली वखार? तर म्हणाले, “लाकडाची. होडी करायची आहे. बारा फुटी, शिडाची. घरीच.” मला इतका आनंद झाला की होडी कशाला, कुणासाठी, आपल्यापैकी कोणाला ती चालवता येते, असलं काही विचारलंच नाही. चष्मा डोक्यावरच विसरून मी तशीच निघाले.

वखार कारखान्यांच्या रस्त्याला आहे, पिठाच्या गिरणीच्या मागे. चालवते एक बाई. माझ्याच वयाची, हाताला भुशाचा पिवळेपणा, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. सगळे तिला काकू म्हणतात, तिच्याहून म्हातारेसुद्धा. बाबांनी तिला सांगितलं, कण्यासाठी सागवान हवं आणि बाजूंसाठी देवदार. कणा म्हणजे होडीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं लाकूड, सगळी होडी त्यावर उभी राहते, हे मला त्या दिवशी कळलं. काकूंनी चांगलं मुरलेलं, वाळलेलं सागवान दाखवलं. बाबा प्रत्येक तुकड्यापाशी बसायचे, बोटाच्या पेराने ठोकायचे आणि कान लावायचे. मग एक डोळा मिटून कडेवरून पार शेवटपर्यंत बघायचे, जसे जमिनीच्या हद्दीवर बघायचे. थुंकी लावून लाकडातल्या रेषा तपासायचे. मी आपली टेपचं टोक धरून उभी. शेवटी मान हलवायचे, हे नको. का नको, ते सांगायचे नाहीत. तीन सोमवार असे गेले. तिसऱ्या सोमवारी काकू वैतागून म्हणाल्या, “साहेब, एकदा सांगून टाका, होडी करायचीय की फळीशी संसार करायचाय?” मी हसले. बाबाही हसले. खरंच हसले रे. मी त्या बाईच्या पाया पडायची बाकी होते.

चौथ्या खेपेला ट्रकमधून ओंडके उतरत होते. नुकते तोडलेले, कापलेल्या तोंडाला अजून ओल. बाबा सरळ तिकडे गेले, हात ठेवला आणि म्हणाले, “हे.” काकूंनी कपाळाला हात लावला. बाई सरळ आहे, नको ते गळ्यात मारत नाही. म्हणाल्या, “साहेब, हे ओलं आहे. घरी नेलंत तर तडकेल, वाकेल, पीळ पडेल. आणि वाळायला काय थोडा वेळ लागतो? इंचाला एक वर्ष धरा.” बाबा म्हणाले, “ठाऊक आहे. तीन इंच जाडीचे दोन तुकडे कापा.” काकू म्हणाल्या, “अहो, बारा फुटांच्या होडीला तीन इंच कशाला? दीड-दोन पुरे. मी देते ना तयार वाळलेलं, उद्यापासून काम सुरू करा.” बाबा म्हणाले, “तीनच.” आवाज वगैरे चढवला नाही. तुला त्यांचा तो आवाज माहीत आहे, ज्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मला साग आणि बाभूळ वेगळे ओळखता येत नाहीत.

लाकूड कापून होईपर्यंत आम्ही दोघी गिरणीच्या भिंतीशी सावलीत उभ्या होतो. काकूंनी सहज विचारलं, मुलंबाळं काय? मी म्हटलं, एकच आहे. बाहेर असतो. कधी येतो, विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षांनी. हे बोलले आणि माझी नजर करवतीच्या मशीनकडे गेली. मशीनवर बाबा वाकून उभे होते, एका हाताने जाडी तपासत. तेव्हा मला कळलं. होडीची मापं धरून ते लाकूड निवडतच नव्हते. तू सुटशील तोवर जे तयार होणारच नाही, असं लाकूड ते शोधत होते. वाळलेलं घेतलं असतं तर होडी सहा महिन्यांत झाली असती, आणि मग पुढचे दिवस काय करायचं? काकूंनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली, आणि आत जाऊन माणसांवर उगाच ओरडल्या.

लाकूड ठेवायचं कुठे यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, मागच्या पडवीत ठेवा. ते म्हणाले, तिथे दुपारी ऊन येतं, वरवर भराभर वाळेल आणि फाटेल. सगळ्या घरात सारखी हवा आणि सावली एकाच खोलीत आहे. तुझ्या. मी नाही म्हटलं, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी मीच तुझ्या पलंगाचं एक टोक उचललं. तर आता ते दोन तुकडे तुझ्या खोलीत आहेत, खाली पट्ट्या घालून, हवा खेळावी म्हणून. टोकांना रंग फासलाय, कारण लाकूड टोकांतून आधी सुकतं म्हणे. महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही दोघं मिळून ते उलटे करतो. कापताना एक छोटा तुकडा त्यांनी वेगळा आणला, तो दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन करतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. वजन घटलं की त्या दिवशी एक पोळी जास्त खातात. माझ्या सगळ्या कपड्यांना लाकडाचा वास लागलाय. परवा एक गिऱ्हाईक बाई पडद्याला नाक लावून म्हणाल्या, कुठला साबण वापरता? शिडाचं कापडही मीच शिवायचं ठरलंय. जाड कापड, चार पदरी कडा. माझी सुई मोडणार, मी आत्ताच सांगून ठेवलंय.

आणि त्यांनी तुला पाठवलेली पत्रं, तू न उघडता परत केलेली, ती माझ्या बॉबिनांच्या डब्याखाली आहेत. अकरा आहेत. ते मला कधी विचारत नाहीत की आलं का परत. टपालवाला आला की आत निघून जातात, मला वेळ देतात. मी लपवते आणि मग ते बाहेर येतात. शनिवारी मी तुला भेटून आले की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. बारीक झालाय का? खोकला आहे का? नखं खातो का अजून? मी उत्तरं देते. चौथा प्रश्न, माझं नाव काढतो का, त्यांच्या ओठांवर येतो, तो मला दिसतो, आणि मी आधीच भात टाकायला आत जाते.

गेल्या मंगळवारी दुपारी मी मशीनवर होते. तुझ्या खोलीतून असा आवाज आला जसा कुणी फटकन दार आपटावं. खोलीत कोणीच नव्हतं. कण्याचं लाकूड तडकलं होतं, मधोमध, हातभर लांब. बाबा धावत आले, जमिनीवर बसले आणि त्या चिरेत नख घालून बघत राहिले. काकूंना फोन केला तर त्या बिचाऱ्या वखार सोडून आल्या. बोट फिरवून म्हणाल्या, बाहेरून सुकलं, आत ओलंच राहिलं, मग ताण येतो. कुणाची चूक नाही, साहेब, सावलीत ठेवूनही होतं असं. त्यांनी सुचवलं, दुसरा ओंडका आलाय, नवा घ्या. बाबा म्हणाले, “आता घेतलं तर वेळेत नाही वाळणार.” मग दुसरा, जादा आणलेला तुकडा बघितला. त्याला एका टोकापासून वीतभर अंतरावर गाठ आहे. बाबांनी ती गाठ चारदा मोजली. मग माझ्याकडे वर बघून विचारलं, “चालेल का गं?” तीस वर्षांत या माणसाने मला कधी मापाबद्दल विचारलं नव्हतं. मला लाकडातलं ओ की ठो कळत नाही हे त्यांनाही माहीत, काकूंनाही माहीत. मी म्हटलं, चालेल. काकू म्हणाल्या, चालेल की, न चालायला काय झालं. आम्ही दोघी खोटं बोललो की खरं, देव जाणे. काकू गेल्या. मी चहा नेला. तो त्यांनी गाठीशेजारी ठेवला आणि टेप परत उघडली.

हे सगळं मनात घेऊन मी गेल्या शनिवारी तुझ्याकडे आले होते. सांगायचं ठरवून आले होते. आणि तू त्या दिवशी खुशीत होतास. तुरुंगातल्या सुतारकामात तुझं नाव निघालंय म्हणालास, दात दाखवून हसलास. मग फोन कानाशी घट्ट धरून, हळू आवाजात म्हणालास, “आई, सुटलो की तुला त्या माणसापासून घेऊन जाईन. दुसऱ्या गावात खोली घेऊ, आपण दोघंच. ज्याने स्वतःच्या पोराला पोलिसांच्या हवाली केलं, त्याच्या घरात तू का राहायचं?” तू माझ्याकडे बघत होतास आणि माझ्या हातात फोन होता. मी मान हलवली. होकाराची. तू काचेला तळवा लावलास आणि मी माझा त्यावर ठेवला. घंटा झाली. बसमध्ये मी दोनदा उतरायचा थांबा चुकवला. घरी आले तर त्यांचे तीन प्रश्न तयार होते, आणि मी तिन्हींची उत्तरं दिली.

आता ते कारण. तुला नेलं त्या सकाळी, तू पाव पोचवायचास ती बेकरीची गाडी मागच्या अंगणात लावून तू आत आलास. तळ्याच्या वळणावर एका क्षणापुरता मोबाइल बघितलास, सायकलवरच्या बाईला धडक बसली, आरशात ती हलताना दिसली आणि तू थांबला नाहीस, हे सगळं तू आम्हाला ओट्याशी उभं राहून चार वाक्यांत सांगितलंस आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडलास. पुढचं तुला माहीत नाही. बाबा मला म्हणाले, “आज कुणाला काही बोलू नकोस. मी बघतो.” ज्या माणसाने जन्मात कुणाच्या बांधाचं खोटं माप लिहिलं नाही, त्याने बादलीत साबणाचं पाणी केलं, खांद्यावर फडकं टाकलं आणि तो मागच्या दाराने गाडीकडे गेला. मी खिडकीतून बघत होते. ते गाडीसमोर वाकले आणि मी फोन उचलला. होय ठेंगू, मी. मला वाटलं ती बाई अजून तिथेच पडली असेल. म्हणून मी आधी वळण सांगितलं, सायकल सांगितली. पलीकडून म्हणाले, तिला आत्ताच कुणीतरी दवाखान्यात नेलंय, तुम्हाला कसं माहीत? तर मी घरचा पत्ता सांगितला. ती बाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, हे मागाहून कळलं; ती चार दिवस जगली. तो फोन केल्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय, दोन्ही खरं आहे. बाबा परत आले तेव्हा बादलीतलं पाणी स्वच्छ होतं आणि फडकं कोरडं. त्यांच्याच्याने झालं नव्हतं. रिसीव्हर अजून माझ्या हातात होता. तो त्यांनी काढून जागेवर ठेवला. मग पोलिसांची जीप आली आणि ते माझ्या पुढे जाऊन फाटकाशी उभे राहिले आणि तुला म्हणाले, “मी बोलावलंय त्यांना.” संध्याकाळी मी रडायला लागले तर म्हणाले, त्याला एकाशी तरी बोलता आलं पाहिजे, तू जात जा भेटायला. आणि मी गेले. दर शनिवारी गेले, तुझं प्रेम एकटीने घेतलं, तुझ्या तोंडून त्यांची निंदा ऐकली आणि गप्प राहिले, कारण तू माझाही हात झिडकारशील ही भीती मला तुझ्या बापाहून मोठी वाटली. मी हे लिहिलंय ते त्यांना माहीत नाही. माफ कुणाला करायचं आणि करायचं की नाही, ते मी तुला सांगणार नाही, माझी ती लायकी नाही. तुझ्या भेटीच्या यादीत एकच नाव आहे, माझं. शनिवारी मी नेहमीच्या बसने येईन, तुरुंगाच्या दारातल्या बाईपुढे उभी राहीन, आणि ती यादीवरून बोट खाली नेईल तेव्हा मला कळेल, ते राहिलं, गेलं, की खाली आणखी एक आलं.

तू ठेवशील तशी, आणि नाही ठेवलंस तरी तुझीच,
आई